वाचक विचारतात : बचत गट, व्याजाचा हिशेब आणि दारात येणारे कर्ज

बचत गट आणि सूक्ष्मवित्त कंपन्यांची कर्जे या विषयावरील पत्रे अलीकडे इतकी आली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची, गावांची, बँकांची आणि कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या वस्तीवर एका वित्त कंपनीचा प्रतिनिधी आला, त्याने आठ जणींचा गट केला आणि पंधरवड्यात प्रत्येकीच्या खात्यात कर्जाची रक्कम जमा झाली. माझ्या सासूबाई ज्या बचत गटात आहेत, त्या गटाला पहिले बँक कर्ज मिळायला वर्ष लागले होते. लोक दोन्हींना ‘गट’च म्हणतात. मग लवकर पैसे मिळवून देणारा गट चांगला, असे का म्हणू नये?

दोन्हीकडे बायका एकत्र बसतात आणि दोन्हीकडे एकीच्या परतफेडीचा घोर बाकीच्यांना असतो, त्यामुळे नाव एकच पडले आहे. मात्र पैसा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, एवढे विचारले की फरक समोर येतो.

बचत गटात आधी बचत येते, कर्ज मागाहून. दहा ते वीस सभासद दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात, त्याच पैशातून एकमेकींना लहान कर्जे देतात, आणि हा व्यवहार काही महिने नीट चालला की वह्या पाहून बँक गटाला कर्ज देते. ते कर्ज गटाच्या नावावर असते; त्यातले कोणाला, किती आणि कशासाठी द्यायचे हे गटाच्या बैठकीत ठरते. कंपनीच्या गटाला कागदोपत्री संयुक्त देयता गट म्हणतात. त्याच्याकडे स्वतःची पुंजी नसते. कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळे निघते, बाकीच्या तिला जामीन राहतात, व्याज आणि हप्ता कंपनी ठरवते, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर त्या गटाजवळ गट म्हणून काही शिल्लक राहत नाही.

दोन्हींचा उगमही निराळा आहे. मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७६ साली बांगलादेशातील चितगावजवळच्या जोब्रा गावात लहान कर्जे द्यायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली. पाच-पाच जणींचे गट आणि दर आठवड्याचा हप्ता ही तिची पद्धत जगभर उचलली गेली, आणि २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस व ग्रामीण बँक यांना विभागून मिळाले. कंपन्यांचे गट याच वळणाचे आहेत. आपल्याकडील बचत गटाची वाट कर्नाटकातून आली. तेथे ऐंशीच्या दशकात मोठ्या सहकारी सोसायट्या मोडकळीस आल्यावर त्यांतून बाहेर पडलेली माणसे लहान, परस्परांना ओळखणाऱ्या गटांत व्यवहार करू लागली, आणि मायराडा या संस्थेने त्या गटांना आकार दिला. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने त्या प्रयोगाला निधी पुरवला, १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम हाती घेतला, आणि पुढल्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नोंदणी न झालेल्या गटालाही स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येईल असे बँकांना कळवले. नोंदणीशिवाय खाते, ही तेव्हा बँकिंगच्या दृष्टीने लहान सवलत नव्हती. आज देशात बँकेत बचत खाते असलेल्या गटांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. (सभासदसंख्या वीसवर का थांबते, असे एका पत्रात विचारले आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार वीसपेक्षा अधिक व्यक्तींना नोंदणीशिवाय एकत्र येऊन नफ्याचा व्यवसाय करता येत नव्हता. तो आकडा तेथून आला आणि पुढे रूढ झाला.)

सासूबाईंच्या गटाने ते वर्ष स्वतःच्या पैशावर कर्ज देणे, वसूल करणे आणि प्रसंगी नाही म्हणणे शिकण्यात घालवले आहे. कंपनीचे कर्ज वाईटच असते असे माझे मत नाही. चालू धंद्यात भांडवल अडले असेल आणि हप्ता त्या धंद्यातून निघत असेल तर ते उपयोगी पडते. परंतु त्या गटात तुम्ही कर्जदार आणि जामीनदार आहात, मालक नाही, हे ओळखूनच अंगठा किंवा सही करावी.

प्रश्न : आमच्या गटात अंतर्गत कर्जाला दरमहा शेकडा दोन रुपये व्याज आहे. शिकलेला मुलगा म्हणतो की, वर्षाचे चोवीस टक्के झाले, ही सावकारीच. बँक तर आम्हाला सात टक्क्यांनी देते. आम्ही चुकतो आहोत का?

मुलाचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच. व्याज किती यापेक्षा ते कशावर मोजले जाते, हे आधी पाहावे लागते, कारण खरी फसगत तेथे होते.

समजा, एका सभासदाने दहा हजार रुपये घेतले आणि दरमहा एक हजार मुद्दल असे दहा महिन्यांत फेडायचे ठरले. व्याज घटत्या शिल्लकीवर असेल तर पहिल्या महिन्यात २०० रुपये, दुसऱ्या महिन्यात नऊ हजारांवर १८०, मग १६०, असे उतरत शेवटच्या महिन्यात २० रुपये द्यावे लागतील आणि एकूण व्याज १,१०० रुपये होईल. तेच व्याज मूळ रकमेवर लावले तर नऊ हजार फिटून गेल्यावरही त्या शेवटच्या महिन्यात २०० रुपयेच द्यावे लागतील आणि एकूण व्याज २,००० रुपये होईल. दोन्ही गटांच्या ठरावात ‘दरमहा दोन टक्के’ असेच लिहिलेले असते. पण दुसऱ्या गटातील सभासद प्रत्यक्षात दरमहा साडेतीन टक्क्यांच्या जवळपास व्याज देत असते. आपल्या गटाची कर्जखतावणी उघडून एखाद्या जुन्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्यासमोर व्याजाचा आकडा काय आहे तेवढा पाहावा. तो पहिल्या हप्त्याइतकाच असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

आता सावकारीबद्दल. सावकाराला दिलेले व्याज त्याच्या घरात जाते, गटाला दिलेले व्याज गटाच्या निधीत जमा होते आणि त्यात देणारीचाही हिस्सा असतो, हा नेहमी दिला जाणारा खुलासा खरा आहे. त्याहून महत्त्वाचा फरक मला वहीचा वाटतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून दख्खनच्या दंगली उसळल्या तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोखे आणि दस्तऐवज मिळवून ते जाळण्यावर होता. ज्या कागदाने जमीन जात होती तो कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि त्यात काय लिहिले जाईल यावर त्यांचे काही चालत नव्हते. बचत गटाची वही बैठकीत सर्वांसमोर लिहिली जाते, मोठ्याने वाचली जाते, आणि जिचे कर्ज आहे तीच चुकीची नोंद अडवू शकते. ज्या गटाची वही सचिवाच्या घरी लिहिली जाते आणि सभासद फक्त पैसे पाठवून देतात, त्या गटाचा दर कितीही कमी असला तरी तेथे सावकारीची वाट मोकळी आहे.

मुलाच्या आक्षेपातील एका भागाकडे मात्र गटांनी दुर्लक्ष करू नये. कर्ज वारंवार घेणाऱ्या सभासद बहुधा गटातील अधिक गरजू घरांतल्या असतात, आणि बचत ठेवून कर्ज न घेणाऱ्या थोड्या बऱ्या स्थितीतल्या. व्याजाची शिल्लक सर्वांत वाटली की, गरजूंनी भरलेल्या व्याजाचा एक भाग सुस्थितीतल्यांकडे जातो. सुरुवातीला निधी लहान असतो, पैसा फिरता राहावा म्हणून दोन टक्के समजण्यासारखे आहेत. निधी लाखाच्या घरात गेल्यावर तो दर दीड किंवा एक टक्क्यावर आणावा, निदान आजारपणाच्या कर्जापुरता तरी, असे माझे स्पष्ट मत आहे. राहिली बँकेची गोष्ट. केंद्र सरकारच्या दीनदयाळ अंत्योदय योजनेखाली महिलांच्या गटांना तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्के दराने मिळते. ते सभासदांना किती दराने द्यायचे हे गट ठरवतो. पण सात टक्क्यांनी घेतलेल्या पैशावर चोवीस टक्के आकारायचे असतील तर त्यामागचे कारण ठरावात लिहिता आले पाहिजे.

प्रश्न : आमचा गट सव्वा वर्षापूर्वीचा आहे, परंतु बँक खाते उघडून चारच महिने झाले. कर्ज मागायला गेलो असता तीन गोष्टी सांगण्यात आल्या : खाते सहा महिने जुने हवे, एका सभासदाचा नवरा थकबाकीदार असल्याने अडचण आहे, आणि कर्ज हवे तर गटाने पन्नास हजारांची मुदत ठेव ठेवावी. आता काय करावे?

आपला गट दीनदयाळ अंत्योदय योजनेत, म्हणजे आपल्या राज्यात ‘उमेद’ अभियानात असेल, असे धरून उत्तर देतो. त्या योजनेसाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेल्या सूचना पाहता तिन्ही कारणे टिकत नाहीत.

सहा महिन्यांची अट गट चालू असण्याची आहे, आणि ती गटाच्या हिशेबवह्यांवरून मोजायची असते, खाते उघडल्याच्या तारखेवरून नव्हे. त्या काळात गटाने पंचसूत्री पाळलेली असावी लागते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब. सभासदाचा नवरा किंवा घरातील अन्य कोणी थकबाकीदार आहे या सबबीवर गटाला कर्ज नाकारू नये, असे सूचनांत स्वच्छ लिहिले आहे. खुद्द एखादी सभासद जाणूनबुजून कर्ज बुडवणारी असली तरी तिला बँक कर्जाच्या लाभातून वगळून बाकीच्या गटाला कर्ज देता येते, आणि गटातील बचत व अंतर्गत कर्ज तिला चालूच ठेवता येते. ज्यांचे कर्ज आजारपण, नापिकी अशा कारणांनी, हेतू नसताना थकले, त्यांना तर वगळायचेही नसते.

मुदत ठेवीची मागणी सर्वांत चुकीची आहे. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला गटाकडून तारण घ्यायचे नाही, ठेव मागायची नाही आणि बचत खात्यातील रक्कम अडकवूनही ठेवायची नाही. पहिले कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल ते, असा निकष आहे. आणि निधीत नुसती बचत मोजायची नसते, शासनाकडून मिळालेला फिरता निधी आणि जमा झालेले व्याजही त्यात येते. पुष्कळ गट बचतीचाच आकडा सांगतात आणि कमी कर्ज पदरात पाडून परततात.

शाखेत तोंडी वाद घालण्यात अर्थ नाही. ठरावाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नाकारत असाल तर कारण लेखी द्या, अशी विनंती त्याच अर्जात करावी. अनेकदा प्रश्न तेथेच सुटतो. न सुटल्यास ‘उमेद’च्या तालुका अभियान कक्षामार्फत बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे प्रकरण न्यावे.

प्रश्न : माझ्यावर तीन कंपन्यांची कर्जे आहेत. दुसरे पहिल्याचे हप्ते भरायला घेतले आणि तिसरे दुसऱ्याचे. एका कंपनीचा माणूस रात्री आठ वाजता घरी येऊन बसतो, हप्ता मिळेपर्यंत उठत नाही आणि शेजारणींना बोलावून त्यांच्यासमोर अपमान करतो. गटातल्या बायका आता माझ्याशी बोलत नाहीत. मी कोठे जावे?

प्रथम आपल्याला धीर देणारी गोष्ट. हप्ता थकणे हा गुन्हा नाही. ते दिवाणी स्वरूपाचे देणे आहे. त्यासाठी अटक होईल, घरातील भांडी उचलून नेऊ, अशा धमक्यांना कायद्याचा आधार नसतो.

सूक्ष्मवित्त कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत आणि ते बँका व वित्त कंपन्या दोघांनाही बांधतात. वसुली कर्जदार आणि कंपनी यांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची असते. कर्जदार त्या जागी लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही तरच वसुली कर्मचाऱ्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर फोन करणे, धमकावणे, अर्वाच्य बोलणे, नातेवाईक, मैत्रिणी किंवा सहकारी यांना त्रास देणे, हे सारे त्या निर्देशांत कठोर वसुली म्हणून निषिद्ध ठरवले आहे. आपण वर्णन केलेला प्रकार त्यात पुरता बसतो. वसुली बाहेरच्या एजन्सीकडे दिली असली तरी तिच्या माणसांच्या वागण्याची जबाबदारी कंपनीचीच राहते.

मुळात तिसरे कर्ज आपल्याला दिले कसे गेले, हाही प्रश्न आहे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे त्याला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मवित्त कर्ज, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, असा नियम आहे. कुटुंबाचे उत्पन्न महिन्याला दहा हजार असेल तर सगळे हप्ते मिळून पाच हजारांत बसले पाहिजेत. तिसऱ्या कंपनीने आपले उत्पन्न अर्जात किती दाखवले होते, ते कागद मागवून पाहावेत. एजंटाने स्वतःच्या हाताने फुगवलेला आकडा तेथे सापडण्याची शक्यता बरीच असते. कर्जासोबत आपल्या भाषेतील कर्ज कार्ड आणि सर्व आकार धरून वार्षिक दर सांगणारे माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. दंड थकलेल्या रकमेवरच लावता येतो, संपूर्ण कर्जावर नाही. आणि विमा किंवा एखादी वस्तू कर्जाबरोबर गळ्यात मारता येत नाही. २०११ मध्ये सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या व्याजाला घातलेली कमाल मर्यादा या नव्या निर्देशांनी काढून टाकली आहे, त्यामुळे माहितीपत्रकातील तो वार्षिक दर वाचून घेणे पूर्वीपेक्षाही गरजेचे झाले आहे.

हे नियम सुखासुखी आलेले नाहीत. आंध्र प्रदेशात २००५ नंतर कंपन्यांनी एकाच घरात तीन-चार कर्जे ओतली, वसुलीचा जाच वाढला, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून वसुलीवर निर्बंध घातले. त्यानंतर तेथील परतफेड जवळजवळ थांबली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल आणि पुढची नियमावली त्या घटनांतून आली. चूक प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी झालेली दिसते : सामूहिक हमी असल्यामुळे पैसे परत येतात, मग त्या घराची कमाई किती आहे ते तपासायची गरज कोणाला वाटत नाही.

आपण आता चौथे कर्ज कोणत्याही कारणाने घेऊ नये. तिन्ही कर्जांची शिल्लक, हप्ता आणि दर एका कागदावर मांडावा, आणि प्रत्येक कंपनीला हप्त्याची मुदत वाढवून रक्कम कमी करण्याची लेखी विनंती करावी. वागणुकीची तक्रार तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे घालून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावी. त्याचे नाव व क्रमांक कर्ज कार्डावर असतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मारहाण किंवा विनयभंगाचा प्रकार झाला असेल तर तीस दिवस थांबू नये, पोलीस ठाणे गाठावे.

शेजारणींविषयी एवढेच म्हणेन की, त्यांचा राग आपल्यावर दिसत असला तरी त्यांना भीती आपला हप्ता त्यांच्या गळ्यात पडण्याची आहे. मांडलेला तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा.

प्रश्न : बचत गटांचा एवढा गाजावाजा होतो. पण त्यामुळे गरिबी खरोखर हटली आहे का, की लोकांना कर्जात गुंतवण्याचा हा सोयीस्कर मार्ग आहे?

लहान कर्ज मिळाले की माणूस उद्योजक होतो आणि गरिबीतून बाहेर पडतो, हा दावा तपासला गेला आहे आणि तो टिकला नाही. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतील सूक्ष्मवित्ताची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून केलेली पाहणी २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. भारतातील पाहणी हैदराबादच्या १०४ वस्त्यांतील होती. त्यांतील निम्म्या वस्त्यांत कंपनीने कर्जे आधी सुरू केली आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली गेली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांनी तो वाढवला, काही घरांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. पण आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि घरातील स्त्रीचा अधिकार यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. इतर देशांतील निष्कर्षही साधारण असेच होते : मोठी हानी नाही, कायापालटही नाही.

ही पाहणी कंपन्यांच्या किंवा संस्थांच्या कर्जाची होती, स्वतःच्या बचतीवर चालणाऱ्या गटाची नव्हती, हे लक्षात ठेवावे. तरीही बचत गटाकडूनही मी गरिबी हटवण्याची अपेक्षा करत नाही. जमीन नसणे, पाणी नसणे, मजुरीचा दर आणि दवाखान्याचे अंतर या गोष्टी गटाच्या बचतीतून बदलत नाहीत; त्या सरकारच्या अंगावरच्या आहेत, आणि गट झाले म्हणजे आपले काम झाले असे मानणारे प्रशासन मला कर्जाच्या सापळ्याइतकेच धोक्याचे वाटते. गट जे करतो ते लहान आहे, पण खोटे नाही. गरीब घराचे उत्पन्न कमी असते तसे ते अवेळीही येते : बियाण्याला पैसा पेरणीआधी लागतो, मालाचा पैसा सुगीनंतर हाती येतो, आणि ताप कॅलेंडर पाहून येत नाही. त्या मधल्या फटीत दोन-तीन हजार रुपये रात्री अकरा वाजता, दागिना गहाण न ठेवता मिळणे, ही सोय श्रीमंतांकडे नेहमीच असते म्हणून तिची किंमत त्यांना कळत नाही. कंपनीचा साप्ताहिक हप्ता ही फट भरत नाही, उलट शेतीवर जगणाऱ्या घरात रुंद करतो.

प्रश्न : पुरुषांना बचत गट करता येतो का?

येतो, आणि नाबार्डच्या बँक जोडणी कार्यक्रमात पुरुषांचे व मिश्र गटही आहेत. ‘उमेद’चा भर महिलांच्या गटांवर असल्याने सात टक्क्यांसारख्या सवलती बहुतेक त्यांनाच मिळतात. पुरुषांचे गट टिकत का नाहीत यावर लिहायचे तर वेगळा अंक काढावा लागेल.

प्रश्न : आमच्या बारा जणींच्या गटाला तीन वर्षे झाली. एक सभासद वर्षभर उशिरा आली होती, ती आता गाव सोडून जात आहे. तिला किती द्यायचे यावरून वाद आहे. काहींच्या मते व्याज सर्वांना सारखे, काहींच्या मते बचतीच्या प्रमाणात. हिशेब फक्त सचिवाला येतो.

तिची बचत पूर्ण परत द्यायची, यात वाद नसावा; तिच्या नावे कर्ज शिल्लक असेल तर ते वजा करावे. व्याजाचा हिस्सा मात्र पैसा किती आणि किती काळ गटाकडे होता, या दोन्हींवर ठरला पाहिजे.

समजा, दरमहा बचत शंभर रुपये आहे आणि खर्च वजा जाता व्याजाची शिल्लक १५,२५२ रुपये आहे. अकरा जणींची बचत प्रत्येकी ३,६०० आणि उशिरा आलेलीची २,४०० आहे. सारखी वाटणी केली तर प्रत्येकीला १,२७१ रुपये येतात. बचतीच्या प्रमाणात केली तर तिला सुमारे ८७२ येतात. दोन्हींत तिला जास्त मिळते, कारण जुन्या सभासदांचे पहिल्या वर्षाचे पैसे तीन वर्षे फिरले, तिच्या पहिल्या हप्त्याला दोनच वर्षे मिळाली. म्हणून दर महिन्याच्या शिलकीची बेरीज करावी. जुन्या सभासदाची पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्या महिन्यात २००, अशी छत्तीस महिन्यांची बेरीज ६६,६०० होते. हिची चोवीस महिन्यांची बेरीज ३०,०००. सर्वांची मिळून ७,६२,६०० होते. व्याजाच्या शिलकीला या बेरजेने भागले की शंभराला दोन रुपये पडतात. त्यामुळे जुन्या प्रत्येकीचा वाटा १,३३२ रुपये आणि जाणारीचा ६०० रुपये.

रोकड कर्जात गुंतलेली असेल तर रक्कम दोन-तीन हप्त्यांत देण्याचा ठराव करता येतो. पण तारखा ठरावात लिहून तिला त्याची प्रत द्यावी. शासनाकडून मिळालेला फिरता निधी गटाचा असतो, तो वाटणीत धरू नये.

हिशेब एकटीलाच येणे ही मात्र आपल्या वादाची खरी जड बाजू आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि व्याजाची गणिते आम्हाला तोंडी घाला, तुमचे अधिकारी आमच्याआधी सोडवतात का पाहू, असे त्यांनी सांगितल्याचे संस्थापक चेतना सिन्हा सांगतात. १९९७ मध्ये परवाना मिळाला. आपल्या गटातही आठवडी बाजारात तोंडी हिशेब करणाऱ्या बायका असतील. वर दिलेली बेरीज पुढच्या बैठकीत सचिवाने न करता त्यांच्यापैकी दोघींनी मोठ्याने करावी आणि सचिवाने ती फक्त लिहून घ्यावी. आकडे जुळले की त्याच बैठकीत जाणाऱ्या सभासदाची सही घेऊन पहिला हप्ता द्यावा. पदाधिकारी बदलायचा विषयही त्याच कार्यक्रमपत्रिकेवर ठेवावा. तीन वर्षांत तो एकदाही निघाला नसल्यास उशीरच झाला आहे.